बसचं माप

बेबीनंदा गिऱ्हाइकाचे ब्लाउज पोहोचवून घरी आली, तेव्हा तिच्या कोपऱ्यात फ्रिज उभा होता. निळसर, नवा, अंगावरचं प्लास्टिक अजून अर्धंच निघालेलं, आणि दारावर वहिनीने ओढलेली कुंकवाची बोटं. स्वयंपाकघराचं दार आणि देव्हाऱ्याची भिंत यांच्यामधला तो कोपरा. दिवसा तिथं तिची शिलाई मशीन असायची, निजायच्या वेळी मशीन भिंतीला सरकवून ती तिथंच अंथरूण टाकायची. मशीन आता न्हाणीच्या बोळात गेली होती आणि अंथरुणाची वळकटी कपाटाच्या डोक्यावर. यात कुणाचं काही चुकलं होतं असं नाही. जुन्या जालन्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात फ्रिजचा प्लग बसेल अशी जागा त्याच भिंतीला होती. मोठा भाऊ कारभारी आडतीवर दिवाणजी होता; कितीतरी वर्षं मनात धरलेली वस्तू त्याने शेवटी हप्त्यांवर घरात आणली होती. वहिनी उषाबाईने दार उघडून दाखवलं. आत दिवा लागला. बेबीनंदाला तो दिवा आवडला. दार लावल्यावर तो विझतो की आत तसाच जळत राहतो, असं तिने विचारलं, आणि कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मग सगळ्यांनी गार पाणी प्यायलं. तीही प्यायली. पाणी घशाखाली उतरताना तिच्या मनात आलं, की आज आपलं काहीतरी गेलं. पण काय गेलं ते नेमकं बोट ठेवून सांगता येईना. वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं का, हेच ती पाहत होती.

ते पंच्याण्णव-शहाण्णव साल असावं. बेबीनंदा पस्तिशी ओलांडलेली होती. भोकरदनकडे दिलेली, दोन पावसाळे नांदली, मग नवरा सुरतेला कामाला गेला तो तिकडचाच झाला. सासू बोलायला वाईट नव्हती; पण एका दिवाळीला कारभारी आणायला आला तेव्हा सासूने बांधून दिलेलं गाठोडं जरा जास्तच मोठं होतं, आणि बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसल्यावर बेबीनंदाला कळलं की आपण परत जाणार नाही. कारभारीला कळलं की नाही कोण जाणे. तो शेजारी बसून वाटेतल्या केदारखेड्यापर्यंत झोपला होता. तेव्हापासून ती भावाकडे. सासरी ती जात्याच्या खोलीत निजायची, त्याच्याआधी माहेरी आईच्या कुशीला, वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी. बोळात मशीनवर बसून एका परकराची शिवण उसवताना ती या सगळ्या जागा आठवत होती. सगळीकडे ती कशाच्या तरी शेजारी होती. जात्याच्या, कापसाच्या, देव्हाऱ्याच्या. नुसती आपल्या जागी अशी कधी नव्हती. हा विचार तिला नवा होता, आणि एखादा नवा नमुना हाती लागावा तसा ती तो उलटासुलटा करून पाहू लागली. गळ्यातली टेप काढून तिने फ्रिजचा पाया मोजला. वहिनीने विचारलं, "काय करून राह्यल्या, बेबीताई?" ती म्हणाली, "कव्हर शिवते याला." कव्हर तिने खरंच शिवलं, झालर लावून.

कव्हरच्या झालरीला रेक्झिन हवं म्हणून ती भोकरदन नाक्यापलीकडे गुलाम नबीच्या वाड्यावर गेली होती. वाडा म्हणजे काटेरी तारेच्या आत उघडी जागा. एसटीच्या लिलावातल्या जुन्या बसगाड्या तो आणायचा, मोडायचा. पत्रा वेगळा, काचा वेगळ्या, सीटा वेगळ्या, आणि उरलेला सांगाडा नव्या जालन्याच्या पलीकडे पोलाद वितळवणाऱ्या गिरण्यांना. सीटांचं चांगलं निघालेलं रेक्झिन बेबीनंदा त्याच्याकडून स्वस्तात घ्यायची आणि बाजाराच्या पिशव्या शिवायची. त्या दिवशी दोन बसगाड्या अर्ध्या मोडलेल्या होत्या, एकीला अजून हात लागला नव्हता. इंजिन तेवढं काढून नेलेलं. ती सहज आत चढली. सीटचं रेक्झिन कसं आहे एवढंच पाहायचं होतं. आत डिझेलचा, घामाचा, शिळ्या संत्र्यांच्या सालीचा वास कोंडलेला होता, आणि दोन्ही बाजूंनी ऊन येत होतं. ती मधल्या वाटेत उभी राहिली. बस इतकी रिकामी तिने कधी पाहिली नव्हती. बसमध्ये माणूस नेहमी उतरायचं गाव मनात धरून चढतो. इथं उतरायचं गाव नव्हतं. त्यामुळे तिला वरचे सामान ठेवायचे बार दिसले, पायाखालच्या पट्ट्या दिसल्या, मागच्या दाराच्या काचेजवळ लिहिलेलं 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' दिसलं. आणि खिडक्या. किती त्या खिडक्या. भावाच्या घरात एक होती, ती गल्लीतल्या गटारावर उघडायची. हात आपोआप गळ्याकडे गेला. तिने टेप काढली आणि मोजायला सुरुवात केली. रुंदीला दीड टेप. लांबीला टेप पुन्हापुन्हा सरकवावी लागली.

"ए बेबी," खालून गुलाम नबी म्हणाला. म्हातारा माणूस, मेंदी लावलेली दाढी, हातात छिन्नी. "काय मोजून राह्यली? बसला बिलाउज शिवती का?"

"चाचा, ही मोडायची का?"

"मंग काय, शो-केसमधी ठेवायची?"

"हिच्यात माणूस राहू शकंल का?"

नबीचाचा हसला नाही. त्याने छिन्नी खाली ठेवली, आत चढला, आणि जणू त्यानेही ती बस पहिल्यांदाच पाहिली असावी तसा इकडेतिकडे पाहू लागला. "चाळीस-पन्नास माणूस रोज बसत होता," तो म्हणाला. "एक का नाही बसणार? पण उन्हाळ्यात पत्रा तापतो, बेटा. पापडासारखी भाजशील. आणि ठेवणार कुठं? बस हाय ही, डब्बा नाही काखेत मारायला."

ती बरं म्हणून उतरली. रेक्झिन काखेत घेऊन चालत घरी आली. पण पत्र्याचं म्हणणं तिच्या डोक्यातून जाईना. वर चुना दिला तर? चुन्यावर तुराट्या अंथरल्या, त्यावर ओलं पोतं टाकलं तर? भाकरी थापता थापता ती विचार करायची आणि वहिनी म्हणायची, भाकर जळून राह्यली. आजवर ती कपड्याच्या आत माणूस कसा बसेल याचा विचार करत आली होती. काखेत ओढणार नाही, वाकलं तर उसवणार नाही, खांद्याला सैल, कमरेला घट्ट. आता कुणीतरी आपल्याच अंगाचं माप घ्यायला आलंय आणि आपण हात पसरून उभे आहोत, असं काहीसं तिला वाटायचं. चूल कुठं? इंजिनावरच्या झाकणावर स्टोव्ह. भांडी कुठं? वरच्या बारांवर. दोन सीटा समोरासमोर जोडल्या की पलंग. कधीकधी कामाच्या मध्येच मशीनवरचे तिचे पाय थांबायचे. हे आपण खरंच करणार आहोत असं तिने अजून ठरवलंच नव्हतं. कसं होईल, एवढंच तिला पाहायचं होतं. पण आठवड्याभरात ती पुन्हा वाड्यावर गेली तेव्हा शेजारच्या बसचा नुसता सांगाडा उरलेला दिसला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "चाचा, तिला हात लावू नका. मी घेते."

पैशाचं गणित सोपं नव्हतं, पण नबीचाचा अडून बसणारा माणूस नव्हता. सांगाड्याचं लोखंड गिरणीच्या भावाने, पत्रा निम्म्याने, आणि त्यातलं बरंचसं ती शिवून फेडणार. त्याच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ट्रकांच्या सीटांना कव्हरं हवीच असायची. जागेचा प्रश्न त्याच्या विधवा बहिणीने सोडवला. इमामबीचा कुंडलिका नदीच्या बाजूला एक मोकळा प्लॉट होता, एका कोपऱ्यात तिची स्वतःची दोन खोल्यांची जागा आणि बाकी सगळं उघडं. "जागा उघडी राह्यली की कोणी बी येऊन खांब रोवतं," ती म्हणाली. "तू राह्य. भाडं नको. माझ्या नातींचे सलवार-कमीज शिवून दे, आणि शाम को दोन बाता करायला ये." ती बोलता बोलता बेबीनंदाच्या हाताकडे पाहत होती. "एकटी राहशील? भीती नाही वाटणार?" बेबीनंदाने खरं सांगितलं, "माहीत न्हाई, खाला. कधी राह्यलेच न्हाई."

उरलेल्या पैशांसाठी तिने मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या. सराफाने काळे मणी कागदात गुंडाळून परत दिले आणि ते तिने पिशवीत टाकले, उरलेली बटणं टाकावीत तसे. मात्र बाहेर आल्यावर उन्हात मान विचित्र हलकी वाटायला लागली. मानेवर जिथं दोरा असायचा तिथं वारा लागत होता. इतकी वर्षं तिथं वारा लागला नव्हता. रस्ताभर ती त्या वाऱ्याकडेच लक्ष देत चालली.

उषाबाईच्या लगेच लक्षात आलं. ती कणीक मळत होती, तिने हात थांबवला. "गळा मोकळा दिसून राह्यलाय."

"हो वैनी." मग बेबीनंदाने सगळं सांगितलं. बस, इमामबीचा प्लॉट, तुराट्या, स्टोव्ह. उषाबाई ऐकत राहिली. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळंच काही आलं. तिने दाराकडे पाहून आवाज बारीक केला. "आत पंखा बसंल का वो?"

"टेबलफॅन बसंल. इमामबीकडून वायर घेते."

"आणि खिडक्या समद्या उघडतात?"

"काही जाम आहेत. तेल घालायचंय."

उषाबाई पुन्हा कणीक मळायला लागली. गोळा झाकून ठेवताना ती म्हणाली, "ह्यांना मी न्हाई सांगणार. तुम्हीच सांगा."

कारभारीला सांगणं मात्र जड गेलं. तो जेवून हात धुवून बसला होता. टॉवेलाने बोटं पुसत त्याने सगळं ऐकलं आणि पुसून झालेली बोटं पुन्हा पुसू लागला. त्याला मनातलं नीट बोलता येत नसे. आडतीवर तो दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं लिहायचा. शेवटी तो म्हणाला, "फ्रिज हलवतो मी."

"फ्रिजसाठी न्हाई, दादा."

"उद्या वायरमनला बोलवतो. त्या भिंतीला प्लग घेतो. तुझा कोपरा तुला देतो परत."

"मला कोपरा नको."

"मंग काय पाहिजे?" त्याने पहिल्यांदाच तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि नजर तिथून लगेच काढून घेतली. "लोकं विचारतात तर सांगतो मी, पाहुणे सुरतेला हायेत, कामाचं हाय. इतकी वर्षं सांगत आलो. तू ते बी मोडून आली. मी आता काय सांगू?" त्याचा आवाज चढला नव्हता. तो खरोखरच विचारत होता. आपण या माणसाच्या घरात इतकी वर्षं राहिलो आणि हा आपल्यासाठी बाहेर रोज काहीतरी बोलत होता, हे तिला माहीतच नव्हतं. तिला त्याची दया आली; आणि तरी, त्या दयेच्याही खाली, खिडक्यांचे पडदे कसे करावे हा विचार चालूच होता. ती स्वतःलाच दचकली. कारभारी उठून आत गेला. तो तिला जाऊ नको म्हणाला नाही. जा असंही म्हणाला नाही. पुढचे सगळे दिवस तो तिच्याशी फक्त जेवणातल्या मिठाबद्दल बोलला.

बस ट्रॅक्टरने ओढत नेली. नबीचाचाने झिजलेली चाकं लावून दिली होती, ती पोहोचल्यावर परत करायच्या बोलीवर. तो स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि बेबीनंदा मागे, एकटी, खिडकीशी. सकाळची वेळ होती. दोऱ्यांचे डबे आणि डब्यातली बटणं खुळखुळत होती. इंजिनाचा आवाज नसलेली बस कशी चालते हे तिने कधी ऐकलं नव्हतं. पत्रे कुरकुरायचे, खाली रस्ता घासल्याचा आवाज यायचा, आणि ट्रॅक्टरची धडधड पुढून कुठूनतरी ऐकू यायची. वळणावर गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने हात केला. सवयीने केला असावा. बस थांबली नाही म्हणून बाई वैतागून काहीतरी बोलली, आणि मग तिला बस पुढच्या ट्रॅक्टरला बांधलेली दिसली, आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. बेबीनंदाला हसू आलं. त्या हसण्याने तिचे डोळे भरून आले, आणि नबीचाचाने मागे वळून पाहू नये म्हणून ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

मग कामाचे दिवस. चाकं काढून बस दगडांवर बसवली. ती एका अंगाला कलली, तेव्हा दोऱ्याचं रीळ आत सोडून ते कुठं घरंगळतं ते पाहून नबीचाचाने दगडांखाली चिपा सारल्या. खिडक्यांच्या फुटलेल्या काचांच्या जागी पत्रा ठोकला, उरलेल्या खिडक्यांना ब्लाउजपीसच्या तुकड्यांचे पडदे. एकाही खिडकीचा पडदा दुसरीसारखा नव्हता. संकटकाळच्या दाराबाहेर तरटाची न्हाणी झाली. टपावर चुना, चुन्यावर तुराट्या. सगळ्या सीटा नबीचाचाने नेल्या, चार तेवढ्या तिने ठेवून घेतल्या. दोन पलंगाला, आणि दोन खिडकीशी तशाच, पुढे तोंड करून, कारण त्या जमिनीला बोल्टने घट्ट होत्या आणि निघेनात. इमामबी रोज येऊन बघून जायची आणि प्रत्येक वेळी विचारायची, "अब क्या बनाया?" शेजारपाजारची माणसं येऊन खिडकीतून डोकावायची. बेबीनंदाला राग यायचा नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही डोकावलो असतो, असं तिला वाटायचं.

पण राहायला लागल्यावर एक गोष्ट तिच्या हिशेबात नव्हती ती सुरू झाली. दुपारी काम करताना मध्येच तिला वाटायचं की आपल्याला कुठंतरी पोहोचायचं आहे आणि उशीर झाला आहे. घराला पुढं आणि मागं नसतं. भावाच्या घरात ती कशीही बसली तरी घर घरच असायचं. इथं सगळ्या वस्तूंना एक दिशा होती. खिडक्या, बार, त्या दोन सीटा, सगळं नदीकडे तोंड करून बसलेलं, आणि नदीपर्यंत जात नसलेलं. पुढे पाठ करून बसलं की बस मागे चालल्यासारखी वाटायची. मग ती उठून खाली उतरायची, बसला एक फेरी मारायची, दगड पाहायची. दगड जागेवर असायचे. सुरुवातीला या बेचैनीची तिला भीती वाटली. एकटेपणा म्हणतात तो हाच असावा असं वाटलं. पण ती रोज तिच्याकडे लक्ष देऊ लागली, दुखऱ्या दाताला जीभ लावून पाहावी तशी. कधी येते, किती वेळ राहते. आणि एक दिवस तिच्या ध्यानात आलं की भात शिजताना ती येत नाही. कपडे वाळत घालताना येत नाही. नुसतं बसलं की येते. भावाच्या घरी ती नुसती बसलीच नव्हती कधी. नुसतं बसायला माणसाला इतका वेळ लागतो शिकायला, याचं तिला नवल वाटलं.

उषाबाई दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा तिने सगळ्या खिडक्या उघडून पाहिल्या, दुसऱ्यांदा ती नुसतीच पलंगावर आडवी झाली आणि वर टपाकडे पाहत राहिली. कारभारी आला नाही. संक्रांत गेली, उन्हं चढायला लागली, आणि एका रविवारी दुपारी बेबीनंदाला खिडकीतून त्याची टोपी दिसली. टोपी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेली, मग तिसऱ्या. तो बसभोवती चालत होता. दोन फेऱ्या झाल्या तरी ती उठली नाही. मग दाराचा पत्रा वाजला.

"येऊ का?" कारभारी म्हणाला.

तिला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. ती उठून दाराशी आली. मग म्हणाली, "ये ना, दादा."

तो चढला. मान वाकवून, इकडेतिकडे न पाहता, सरळ जाऊन खिडकीशी सीटवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि हातातली पिशवी शेजारी. तिने पाणी दिलं. माठातलं होतं, गार. तो प्यायला.

"फ्रिज हलवला," तो म्हणाला. "कोपरा तसाच ठेवलाय. मी न्यायला आलो."

"मी बरी हाये इथं."

"ते दिसून राह्यलंय." मग मांडीवरची टोपी फिरवत, "पण कशासाठी, बेबे? मी रोज विचार करतो. मारलं न्हाई, बोललो न्हाई. उषीने काही केलं का?"

"न्हाई रे." तिला त्याला खरं सांगायचं होतं, आणि खरं काय ते तिलाही आत्ताच शोधायला हवं होतं. "मला पाहायचं व्हतं," ती म्हणाली, "माझ्या एकटीला किती जागा लागते."

कारभारीने मान हलवली, कळल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. "मंग? किती लागली?"

"अजून मोजून राह्यले."

तिने स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला. दुपारचा वारा नदीकडून आत येत होता आणि ते तऱ्हेतऱ्हेचे पडदे एकामागून एक हलत होते. चहा घेऊन आली तर त्याचं डोकं खिडकीच्या दांडीला टेकलेलं होतं आणि तोंड किंचित उघडं. बसमध्ये बसला की हा झोपणारच. तिने चहावर बशी झाकली. मग काय करावं हे न सुचून ती मशीनवर बसली. इमामबीच्या नातीचा कमीज अर्धा राहिला होता. हळूहळू तिने पाय चालवला. मशीन चालली की बसचा पत्रा बारीक थरथरायचा, खिडक्यांच्या काचा एकमेकींना लागून किणकिणायच्या. तिला त्याची सवय झाली होती. लांब शिवण होती, ती थांबली नाही.

कारभारी दचकून जागा झाला. त्याने घाईघाईने टोपी घातली, पिशवी उचलली, अर्धवट उभा राहिला आणि खिडकीबाहेर पाहिलं. झोपेने त्याचा चेहरा सैल झाला होता. गल्लीत लोकांना द्यायची उत्तरं त्या चेहऱ्यावर कुठंच नव्हती.

"गाव आलं का गं?" त्याने विचारलं.

बेबीनंदाने त्याच्याकडे पाहिलं. तिचा पाय चालूच होता.

"न्हाई अजून," ती म्हणाली. "बस तू. आलं की उठवते."

तो बसला. पिशवी मांडीवर घेतली, डोकं पुन्हा दांडीला टेकलं.